मदत हवी आहे: किल्ल्याला भेगा पडल्या, अळीव उगवेना, वसुबारस तोंडावर

रेवाची_आई (मंगळवार, सकाळी)
नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय. शनिवारी किल्ला लिंपून झाला. आज बघते तर सगळीकडे भेगा, आणि बुरुजाखालची एक बाजू अख्खी सुटून खाली आलीये. वर पेरलेलं अळीव होतं तसंच आहे, मध्ये मध्ये पांढरी बुरशी दिसतेय. पुढच्या बुधवारी वसुबारस. मोडून परत करू, की आहे त्यावरच काही करता येईल? 'पाणी शिंपडत राहा' हे करून झालंय, तेवढं सोडून सांगा. मुलं उठल्या उठल्या गवत आलं का बघायला धावतात.

सह्यवाट
ताई, इतक्या माहितीवर काय सांगणार? माती कुठली? आत काय भरलंय? किल्ला अंगणात, गच्चीत की बाल्कनीत? ऊन कधी येतं? अळीव कोरडं टाकलंत की भिजवून? आणि मुलं किती वर्षांची? साडेतीन वर्षांच्या हाताला जे काम देता येतं आणि आठ वर्षांच्या हाताला जे देता येतं, त्यात खूप फरक पडतो.

मोहरीचा_दाणा
अळीव सोडा, मोहरी टाका. स्वयंपाकघरातलीच, बारीक काळी. चार तास भिजवून ओल्या मातीवर भुरभुरायची, तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब आणि आठवड्यात दोन बोटं उंच. दांडा जाड असतो म्हणून लगेच आडवी पडत नाही. अळिवाचा उगाच बोलबाला झालाय.

सुगरण_नाशिक
मुलांना गुंतवायचं असेल तर शंकरपाळे करायला घ्या. एक वाटी तूप, एक वाटी दूध, एक वाटी साखर एकत्र गरम करून साखर विरघळवायची, कोमट झालं की मावेल तेवढा मैदा, साधारण साडेचार-पाच वाट्या, आणि चिमूटभर मीठ. कातण मुलांच्या हातात द्या, तळणीपासून मात्र लांब ठेवा. मंद आचेवरच तळायचे, आच मोठी झाली की बाहेरून लाल आणि आत कच्चे राहतात.

रेवाची_आई
धन्यवाद, पण शंकरपाळे नंतर बघते. आधी किल्ला.
माती शेजारच्या प्लॉटवर खोदकाम चाललंय तिथली, काळी. आत पुठ्ठ्याचे खोके एकावर एक. बाल्कनी पश्चिमेची, दुपारी दोननंतर कडक ऊन. किल्ला तीन फूट बाय दोन फूट, उंची दीड फूट. अळीव रात्रभर भिजवलं होतं आणि दाट हिरवळ यावी म्हणून भरपूर टाकलं. मुलं साडेतीन आणि सात.

सह्यवाट
आता उलगडा झाला. तीन वेगवेगळी कारणं आहेत.

पहिलं म्हणजे काळी माती. ती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की आकसते. शेतात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच मातीला. तुमच्याकडे वरून पश्चिमेचं ऊन, म्हणजे बाहेरचा थर झपाट्याने सुकला, आतला ओलाच राहिला, आणि बाहेरचा फाटला. पाणी शिंपडून ती परत फुगणार, दुपारी परत फाटणार.

दुसरं, पुठ्ठे. ओली माती लागली की ते भिजतात आणि बसतात. बुरुजाखालची बाजू त्यामुळेच सुटली असणार. अंगठ्याने दाबून बघा, पोकळ आणि मऊ लागलं तर तो भाग धरणार नाही.

तिसरं, अळीव. ते रात्रभर भिजवायचं नसतं. त्याला बुळबुळीत गराचं आवरण येतं, दाणे एकमेकांना चिकटून गोळा होतो, जाड थरात आत हवा जात नाही, मग बुरशीच येते.

माझं स्पष्ट मत, मोडा. नवा किल्ला उद्या संध्याकाळी दोन-अडीच तासांत उभा राहील. तुमच्या मापाच्या किल्ल्याला दोन घमेली लाल माती (नर्सरीत मिळते), अर्धं घमेलं चाळलेली बारीक वाळू आणि नारळाचा काथ्या बोटभर तुकडे करून दोन मुठी. काथ्या माती धरून ठेवतो. आत पुठ्ठ्यांऐवजी उलटे टब, जुनी बादली, भाजीचे प्लास्टिकचे क्रेट, मधल्या फटीत विटांचे तुकडे. हा सांगाडा हाताने हलवला तर हलता कामा नये.

मग गोणपाट. मातीत पाणी घालून ताकापेक्षा दाट राबडी करा, त्यात गोणपाट बुडवून पिळल्याशिवाय सांगाड्यावर पसरा. दऱ्या हव्यात तिथे खाली दाबा, सुळके हवेत तिथे चिमटीने वर ओढा. डोंगराचा आकार इथेच येतो, नंतर माती थापून येत नाही. हा थर रात्रभर राहू द्या. सकाळी जुन्या कंगव्याने ओरखडे काढा आणि त्यावर बोटाच्या पेराहून कमी जाडीचा दुसरा थर लिंपा. ओरखडे नसतील तर वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. दुपारी दीडपासून सूर्यास्तापर्यंत वर जुनी चादर टाकून ठेवा. तरी केसाएवढी भेग आलीच तर माती ओलसर असतानाच घट्ट राबडी अंगठ्याने दाबून भरायची. सुकलेल्या भेगेत भरलेली राबडी धरत नाही.

गोठा_आणि_गाव
काथ्या कशाला? शेण घाला. चार भाग मातीला एक भाग ताजं शेण, भिंतीला भेग जात नाही. गावाकडे चुली, ओटे, कणग्या सगळं यानेच लिंपतात.

डॉक्टरीण_पुणे
साडेतीन वर्षांचं मूल हात तोंडात घालतं. ताज्या शेणातून जंत आणि जंतू सहज पोटात जातात, शिवाय बंद बाल्कनीत माश्या येतील. काथ्याने काम भागतंय तर शेण नको.

गोठा_आणि_गाव
गावातली मुलं शेणामातीतच वाढतात. पण ठीक, गोवरी कुस्करून घाला, वाळलेली असते आणि वासही नसतो.

डॉक्टरीण_पुणे
वाळली तरी धनुर्वाताचे जंतू तिच्यात तग धरून राहतात. लस वेळेवर झाली असली तरी मुद्दाम धोका का घ्यायचा? मातीकाम झालं की नखांसकट साबणाने हात, आणि हातावर उघडी जखम असेल तर त्या दिवशी मुलाला बी पेरायचं काम द्या, लिंपायचं नको.

मखरवाला
दरवर्षी ही धावपळ करण्यापेक्षा प्लास्टर ऑफ पॅरिसचा कायमचा किल्ला करून ठेवा. जाळी, त्यावर पट्ट्या, वर रंग. माळ्यावर ठेवायचा आणि वसुबारसेला काढायचा.

सह्यवाट
दादा, मुलांना चिखलात हात घालायला मिळतो म्हणून तर किल्ला करायचा. तयार किल्ला माळ्यावरून काढला तर मुलांच्या वाट्याला काय उरलं? आणि प्लास्टर घट्ट होताना चांगलंच तापतं, जाड गोळ्यात मुलांनी हात रोवला तर भाजेल. त्यावर काही उगवतही नाही.

तिसरा_मजला
कुणी वजनाचं आणि पाण्याचं बोललेलंच नाही. या मापाचा डोंगर आतून भरीव मातीचा केला तर सव्वाशे लिटरच्या आसपास माती लागते, ओली असताना तिचं वजन दोनशे किलोच्या पुढे जातं. पोकळ सांगाड्यावर इंचभर थर दिला तर चाळीस किलोत भागतं. खाली जुना फ्लेक्स पसरा, चारी कडा दोन इंच वर दुमडून विटांनी धरा, म्हणजे मातीचं पाणी खालच्यांच्या कपड्यांवर जाणार नाही. बाल्कनीतल्या पाणी जायच्या जाळीवर सुती फडक्याच्या दोन घड्या ठेवा आणि रोज झटका. माती पाइपात बसली की पूर्ण इमारतीची लाइन तुंबते. कठड्याला टेकून किल्ला अजिबात नको. सात वर्षांचं मूल त्यावर पाय ठेवून चढू शकतं. घराच्या भिंतीला लावून करा.

रेवाची_आई
कठड्यालाच टेकून आहे. हलवते. लाल माती आणि गोणपाट मिळालं. अळीव नक्की कसं टाकू? आणि मोहरी बरी की अळीव?

मोहरीचा_दाणा
मोहरी!

अळीवप्रेमी
उतारावर मोहरी टिकत नाही, गोल दाणा घरंगळत पायथ्याशी जातो. अळिवाचा चिकटपणा इथेच कामाला येतो. पंधरा-वीस मिनिटंच भिजवा, गर सुटला की चमच्याच्या पाठीने उतारावर पातळ पसरा. एक चौरस फुटाला पोह्यांचा एक चमचा पुरे. दाण्यादाण्यात थोडी माती दिसली पाहिजे. वरून माती टाकायची नाही. पहिले दोन दिवस ओलं सुती फडकं अलगद झाकून ठेवा, कोंब दिसले की काढा. पाणी स्प्रेच्या बाटलीने, फवारा बारीक करून, सकाळ-दुपार-संध्याकाळ. तांब्याने ओतलं की बी वाहून जातं. खरं तर अळिवाला माती लागतही नाही, नुसत्या ओल्या गोणपाटावरही ते उगवतं.

पायथ्याच्या सपाटीला, शेतं दाखवायची असतील तिथे, मोहरी किंवा नाचणी चालेल. नाचणी जुनी असेल तर उगवत नाही, म्हणून आज रात्रीच चिमूटभर ओल्या रुमालात बांधून तपासा. गव्हाला आठ दिवस लागतात, आता वेळ गेली.

धाकट्यासाठी युक्ती: कोरडं बी चौपट कोरड्या वाळूत मिसळा आणि भोकांच्या मिठाच्या डबीत भरून द्या. कितीही जोरात हलवलं तरी बी विरळच पडतं. हे फक्त सपाटीवर.

मोहरीचा_दाणा
उतारापुरतं मान्य. सपाटीला मोहरीच.

म्युनिककर
इथे बाल्कनीत दिवाळीला दहा अंशांच्या खालीच असतं, बाहेर अळीव हलतसुद्धा नाही. किल्ला घरात, खिडकीपाशी करावा लागतो. वीस अंशांच्या आसपास तिसऱ्या दिवशी कोंब दिसतात. इकडे अळीव क्रेसे नावाने बागेच्या दुकानात पाकिटात मिळतं. परदेशातल्यांसाठी लिहून ठेवतोय.

गडवेडा
किल्ला कोणता करताय हे कुणी विचारलंच नाही! नुसता ढीग करू नका. राजगड करा. मधोमध बालेकिल्ला आणि तीन बाजूंना पद्मावती, सुवेळा, संजीवनी या माच्या. पसरट असल्याने उंचीही फार लागत नाही. सुवेळा माचीचं नेढं, म्हणजे कड्यातलं आरपार भोक, पेन्सिल घालून करता येतं, सात वर्षांच्या मुलाला ते काम फार आवडेल. फक्त महाराजांचं सिंहासन त्यावर ठेवू नका. राज्याभिषेक 1674 साली रायगडावर झाला.

सह्यवाट
माहिती बरोबर आहे. पण साडेतीन वर्षांच्या मुलाला महाराज सगळ्यात उंचावर बसलेले हवे असतात. बसू द्या की.

गडवेडा
मग रायगड करा, सिंहासन तिथे शोभेल. महादरवाजा, बाजारपेठ, जगदीश्वराचं मंदिर, टकमक टोक. सात वर्षांचं मूल हे सगळं विचारतं आणि लक्षात ठेवतं, म्हणून पहिल्यांदाच खरं दाखवावं. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांपैकी अकरा महाराष्ट्रातले आहेत आणि जिंजी तमिळनाडूतला. दर दिवाळीला एक घेतला तरी मुलं मोठी होईपर्यंत पुरतील.

तिसरा_मजला
माती घसरायचीच भीती असेल तर सिंधुदुर्ग सोपा. बेट सपाट, नागमोडी तट बोटांनी दाबून होतो, भोवती निळी रांगोळी घातली की समुद्र.

रेवाची_आई (गुरुवार, रात्री)
मोठ्याने रायगड निवडला. दुसरा थर झाला, भेग नाही. अळीव पातळ पसरलंय, फडकं झाकलंय. चित्रं, म्हणजे मातीची माणसं, मात्र मांडायची राहिली. धाकटा मावळे तोंडात घालतो. आणि पणत्या किल्ल्यावर ठेवू ना?

डॉक्टरीण_पुणे
धाकट्याच्या हाताला येतील ती चित्रं त्याच्या मुठीत मावणार नाहीत एवढी मोठी घ्या. बोटभर मावळे वरच्या टोकाला, मोठ्याच्या ताब्यात. स्वस्त तैलरंगात शिसं असू शकतं, म्हणून बिनरंगाची मातीची चित्रं आणून गेरू, हळद आणि खडूच्या भुकटीने घरीच रंगवा. भुकटीत थोडा तांदळाच्या पिठाचा खळ मिसळला की रंग हाताला लागत नाही.

तिसरा_मजला
पणत्या किल्ल्यावर नकोत. गोणपाटाची कडा कुठेतरी उघडी राहते, दिवाळीपर्यंत ती खडखडीत वाळते आणि पटकन पेट घेते. पणत्या पायथ्याला फरशीवर, फूटभर लांब. किल्ल्यावर बॅटरीची माळ लावा, भिंतीतल्या प्लगची नको, कारण रोज पाणी फवारताय. आणि किल्ल्यात लवंगी लावायची नाही हे मोठ्याला आजच सांगा.

रेवाची_आई (सोमवार, सकाळी)
अळीव आलं! काल कोंब होते, आज हिरवं. पण सगळं कठड्याकडे झुकलंय, भिंतीकडची बाजू तर आडवीच झालीये. पाणी कमी पडतंय का?

अळीवप्रेमी
पाणी नका वाढवू, मुळं कुजतील. ते उजेडाकडे झुकतंय, भिंतीकडून उजेडच येत नाही. किल्ल्यामागे भिंतीला पांढरा पुठ्ठा किंवा चॉकलेटची चांदी चिकटवलेला कागद उभा करा, परत फिरलेला उजेड पुरतो. उद्यापर्यंत सरळ होईल. भिंतीकडचे आडवे झालेले दांडे उठणार नाहीत, ते कात्रीने मुळाशी कापा आणि तिथे आजच थोडं बी लावा, पाडव्यापर्यंत येईल. कापलेलं फेकू नका. बी खायचं आणलं असेल, औषध लावलेलं नसेल, तर स्वच्छ धुऊन कोशिंबिरीत घाला, थोडं तिखट लागतं.