मदत हवी आहे: ओसीडी, बैठकीत भीती उतरते, पुढच्या वेळी परत तितकीच

उपकेंद्रवाला: यवतमाळ जिल्ह्यात उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. ओसीडीची (तीच भीती परत परत येणं अन् तेच काम परत परत करत राहणं) एक बाई येते. फवारणीचं औषध हाताला लागलं असेल या भीतीनं हात धुऊन धुऊन चामडी सोलून राहिली. ईआरपी सुरू केली, म्हणजे भीतीच्या गोष्टीला पायरीपायरीनं सामोरं जायचं (एक्स्पोजर) अन् हात धुण्यासारखा विधी करायचा नाही. माझ्यासमोर भीती शंभरपैकी ८० वरून ३० वर येते, पुढच्या वेळी परत ८०. काय चुकून राहिलं? जिल्ह्याला न्यायला घरचे तयार नाहीत, कापूस वेचणी आहे, मजुरी बुडते. लवकर सांगा, उद्या येणार आहे ती.

सातपुडा: वाय-बॉक्स (ओसीडीच्या तीव्रतेची मोजपट्टी) किती? गोळ्या कोणत्या? पहिली पायरी काय ठेवली? घरी काय सराव दिला?

उपकेंद्रवाला: वाय-बॉक्स २६. पहिली पायरी फवारणी पंपाच्या पट्ट्याला हात लावणं. घरीही तेच.

पऱ्हाटी: पंप?? २०१७ मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. ऑर्गनोफॉस्फेट प्रकारचं कीटकनाशक कातडीतून आत जातं, सोललेल्या कातडीतून तर जास्तच. आधी विचारा, ती स्वतः फवारते का? फवारणीनंतर घाम, लाळ, मळमळ, धूसर दिसणं होतं का? होत असेल तर तो ओसीडीचा विषय नाही, तातडीनं डॉक्टर.

उपकेंद्रवाला: फवारत नाही, लक्षणंही नाहीत. पंप धुतलेला होता. अन् भीतीच्या वस्तूला हात लावल्याशिवाय ईआरपी कशी होईल?

सातपुडा: पऱ्हाटीताईंचं बरोबर आहे. गावातली दुसरी शहाणी बाई जे बिनधास्त करेल तेवढंच शिडीवर, म्हणजे पायऱ्यांच्या यादीत घ्यायचं, पुढे भीतीचा आकडा. औषधाचा डबा जिच्यावर कधीच ठेवला नाही त्या फळीला हात, ४०. नवऱ्याचा धुतलेला रोजचा शर्ट घडी करणं, ५०. मग गोठ्याची कडी. वरची पायरी म्हणजे साबणानं एकदाच, अर्धा मिनिट हात धुऊन भाकर थापायची आणि पोरांना वाढायची. फवारणीचे कपडे शिडीवर नकोत, ते वेगळे, हातमोजे घालूनच धुवायचे. ही रेघ तिला आधीच सांगून टाका, नाहीतर ती प्रत्येक वस्तूवर तुमच्याशी वाद घालत बसेल.

शांतीवन: एक्स्पोजरच्या आधी दहा मिनिटं दीर्घ श्वसन करवा. भीती ८० वर जातच नाही.

सातपुडा: कृपया नको. श्वास मोजून भीती दाबली की तिला वाटतं, श्वासामुळे वाचले. मग श्वसन हाच नवा विधी होतो. १९६६ मध्ये मानसशास्त्रज्ञ मेयरनं पहिले रुग्ण बरे केले ते विधी अडवूनच.

शांतीवन: प्राणायामानं चिंता कमी होते, हे तुम्ही नाकारता?

सातपुडा: इतर वेळी खुशाल करू द्या. एक्स्पोजरच्या त्या तासाभरात नको. उपकेंद्रवाले भाऊ, गोळ्यांचं अजून सांगितलं नाही.

उपकेंद्रवाला: तालुक्याच्या डॉक्टरांनी अल्प्राझोलाम (भीती लगेच उतरवणारी गोळी) ०.५ मिग्रॅ दिली. इकडे येताना घेऊन येते, म्हणून तर बसू शकते.

सातपुडा: इथंच अडलं आहे. भीती गोळीनं उतरते, त्यामुळे मेंदू नवं काही शिकत नाही. पण एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते. डॉक्टरांशी बोलून हळूहळू कमी करायची. ओसीडीला खरी गोळी एसएसआरआय, हा उदासीवरही देतात तो औषधांचा गट. उदाहरणार्थ फ्लुओक्सेटिन, २० पासून बहुधा ६० मिग्रॅपर्यंत, आणि परिणामाला ८ ते १२ आठवडे. उदासीच्या कमी डोसवर अडकून राहिलेले रुग्ण फार दिसतात. मजुरी बुडते तर टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, मराठीत, मोफत. मानसोपचारतज्ज्ञाकडे जोडून द्या म्हणावं.

पऱ्हाटी: आणि नवरा? "काही होत नाही गं" असं दिवसातून कितीदा म्हणतो? तोही विधीच.

उपकेंद्रवाला: म्हणतो ना. सासू पाणी काढून देते धुवायला, नाहीतर स्वयंपाकाला उशीर होते.

पऱ्हाटी: मग घरी सगळं पुसलं जातं. दोघांना बोलवा. एकच वाक्य ठरवा: "याचं उत्तर न द्यायचं आपलं ठरलंय." सासूनं पाणी एकदम बंद करू नये, भांडण पेटेल. एक बादली आठ दिवस, मग अर्धी.

हक्क_माझा: मानसिक आजार २०१६ च्या दिव्यांग कायद्यात आहे. अपंगत्व ४० टक्के भरलं तर प्रमाणपत्र मिळतं, ते आयडियाज या मानसिक अपंगत्वाच्या मोजपट्टीवर ठरतं.

पऱ्हाटी: विचारलं कोणी? चार महिन्यांत सुधारू शकणारी बाई आहे ही.

हक्क_माझा: ज्यांना सुधारणा नाही त्यांच्यासाठी लिहिलं.

उपकेंद्रवाला: उद्याचं सांगा. गोळी घेऊनच आली तर?

सातपुडा: परत पाठवू नका. एक्स्पोजर टाळा, नवऱ्याला बसवून शिडी नव्यानं लिहा. प्रत्येक पायरीपुढे तिचं भाकीत तिच्याच शब्दांत घ्या, "शर्टाला हात लावून भाकर केली तर रात्री पोरं ओकतील" असं. सकाळी काय झालं ते शेजारी लिहायचं. नुसता भीतीचा आकडा पाहत बसू नका, भाकीत खोटं पडलं का ते पाहा. आणि बैठकीनंतर किती वेळानं हात धुतले हे विचारलं का कधी?

उपकेंद्रवाला: नाही विचारलं. घरी पोचून लगेच धूत असेल तर?

सातपुडा: तर तीच पुढची पायरी. घरी गेल्यावर धुणं आधी अर्धा तास लांबवायचं, मग तास, मग नाहीच.