स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) चालू असताना वनौषधी घ्यावी का?

रानवारा: माझा सरळ विरोध आहे, आणि सगळ्यात जास्त रेड यीस्ट राइसला, म्हणजे लाल यीस्टने आंबवलेल्या तांदळाच्या कॅप्सूलला. त्यातलं मोनॅकोलिन के म्हणजे रासायनिकदृष्ट्या लोवास्टॅटिनच, अमेरिकेत १९८७ साली औषध म्हणून मंजूर झालेलं. डॉक्टरांनी एक स्टॅटिन दिलेलं असताना तुम्ही नकळत दुसरं घेता, आणि कॅप्सूलमध्ये ते किती आहे याचा पत्ता नाही. युरोपीय संघाने २०२२ मध्ये त्यावर दिवसाला ३ मिलिग्रॅमच्या आतली मर्यादा घातली, ती उगाच नाही.

उंबर: पटलं नाही. एका उत्पादनावरून सगळ्या वनस्पती मोडीत काढताय. इसबगोलाने एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, थोडं उतरतं आणि स्टॅटिनच्या परिणामात भर पडते, हे तपासलेलं आहे. गोळी आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवलं की झालं. आणि लोक कॅप्सूलकडे वळतात का? स्टॅटिनने जिना चढताना मांड्या भरून येतात, सांगायला जावं तर 'वय झालं' म्हणून बोळवण होते.

रानवारा: इसबगोल मान्य, तो आतड्यातच राहतो, रक्तात जात नाही. पण गुग्गुळाचं काय? २००३ च्या अमेरिकेतल्या चाचणीत एलडीएल कमी होणं राहिलं बाजूला, उलट थोडं वाढलं, काहींना अंगावर पुरळ आलं.

साधा_प्रश्न: सेंट जॉन्स वर्ट हे झाडपाल्याचं औषधही स्टॅटिनसोबत नको म्हणतात, पण ते तर मन उदास असतं म्हणून घेतात. त्याचा कोलेस्टेरॉलशी काय संबंध?

रानवारा: तेच तर! ते शरीरातलं औषधं मोडणारं सीवायपी३ए४ हे एन्झाइम वाढवतं, मग सिम्वास्टॅटिन, अटोर्वास्टॅटिन लवकर मोडून जातात. रिपोर्ट बिघडतो, डॉक्टर डोस वाढवतात. पुढे वनौषधी बंद केली की तोच वाढीव डोस अंगावर येतो. स्नायू मोडायला लागून लघवी चहासारखी झाली, तर मूत्रपिंडावर बेतू शकतं.

उंबर: हे कारण मला पटलं. तरी सरसकट बंदीला माझा विरोध कायम आहे. ओरडा बसेल या भीतीने माणूस बाटली लपवतो, आणि डोस वाढवणाऱ्या डॉक्टरांना मग खरं कारण कळणार कुठून? दर भेटीत औषधांच्या यादीसोबत 'आणखी काय घेता?' हे त्यांनीच विचारायला हवं, आणि उत्तर ऐकून चिडू नये.

रानवारा: विचारावंच. पण नाही विचारलं तरी बाटली घेऊन जा, लेबलसकट. नुसतं 'आयुर्वेदिक आहे' म्हटल्याने आत काय आहे ते कुणालाच कळत नाही.