साध्या सीटीवर क्रॉनिक सबड्युरल (मेंदूच्या आवरणाखाली साचलेलं जुनं रक्त) सापडत नाही, मदत हवी आहे (तातडीचे)

नाइटड्युटी:
सीटी ब्रेन, कॉन्ट्रास्ट नाही. मिडलाइन शिफ्ट (मेंदू एका बाजूला सरकणं) नाही, पांढरं रक्त कुठेच नाही, व्हेंट्रिकल (मेंदूतल्या पोकळ्या) बारीक, वरच्या स्लाइसमध्ये सल्काय (मेंदूवरच्या खाचा) जवळजवळ गायब. फिजिशियन म्हणतात क्रॉनिक सबड्युरल शोधा, पण कवटीलगत काळी पट्टीच नाही. 'नॉर्मल' लिहू की 'एडीमा' (सूज)? रिपोर्ट लगेच द्यायचाय.

ग्रेमॅटर:
वय? विशीतल्या मेंदूत सल्काय असेच दिसतात.

नाइटड्युटी:
७८. महिनाभर गोंधळलेपणा, चालताना तोल जातो.

ग्रेमॅटर:
हे आधी सांगायचं ना! या वयात मेंदू इतका भरगच्च दिसला की दोन्ही बाजूंना आयसोडेन्स (मेंदूइतक्याच घनतेचं) सबड्युरल आहे असं धरूनच शोधायचं. दोन्हीकडून दाब आला की शिफ्ट कसली होणार? ताजी गुठळी साधारण ५० ते ७० एचयू (सीटीवरच्या घनतेचं एकक), ग्रे मॅटर (कॉर्टेक्स, मेंदूचा बाहेरचा थर) ४० च्या आसपास. पहिल्या ते तिसऱ्या आठवड्यात गुठळी विरघळताना तिची घनता मेंदूइतकीच होते आणि कड दिसेनाशी होते. काळं पडतं ते त्यानंतर. मधूनमधून नवं रक्त झिरपत राहिलं तर तेही लांबतं, म्हणून नुसत्या एचयूवरून आठवडे मोजू नका. विंडो (स्क्रीनवर दाखवायची घनतेची रेंज) कोणती आहे?

नाइटड्युटी:
नेहमीचीच, डब्ल्यू (रुंदी) ८० एल (मध्य) ४०.

बर्रहोल:
सबड्युरल विंडो लावा, डब्ल्यू २०० एल ८०. प्रश्न मिटला.

ग्रेमॅटर:
मिटत नाही. रुंद विंडो हाडालगतचं पातळ पांढरं रक्त हाडापासून वेगळं दाखवते. इथे पांढरं काही नाहीच. इथे उलट अरुंद हवी, डब्ल्यू ४० एल ४०, म्हणजे ग्रे-व्हाइट सीमा (ग्रे आणि त्याच्या आतल्या व्हाइट मॅटरमधली) उठून दिसेल. ती सीमा कवटीपासून आत ढकललेली असेल आणि कॉर्टेक्स भलताच जाड वाटत असेल, तर त्या जाडीत रक्त आहे. सल्काय कवटीच्या आतल्या कडेपर्यंत पोचतात का तेही बघा.

पातळस्लाइस:
५ मिमीच्या अॅक्सियलवर (आडव्या कापांवर) हे ठरवू नका. टेक्निशियनकडून १ मिमीचा डेटा मागवून कोरोनल (कानापासून कानापर्यंतचे उभे काप) काढा. व्हर्टेक्सवर (माथ्याशी) अॅक्सियल काप कवटीला तिरके जातात, पार्शियल व्हॉल्यूममुळे (एकाच कापात दोन गोष्टींची घनता मिसळल्यामुळे) तिथली पट्टी हाडात मिसळते.

शंकासुर:
हिमोग्लोबिन? ८-१० च्या खाली असेल तर ताजं रक्तही आयसोडेन्स दिसू शकतं.

नाइटड्युटी:
११.२. वॉरफरिन (रक्त पातळ करणारं औषध) चालू आहे.

शंकासुर:
आणि हे आत्ता?! आयएनआर (रक्त किती पातळ झालंय याचं मोजमाप) बघा. अशा रुग्णात तळाशी पांढरट, वर काळसर अशी आडवी पातळीही शोधा.

बर्रहोल:
एवढी चिरफाड कशाला, एमआरआय करा. फ्लेअरवर (एमआरआयचा एक प्रकार) लख्ख दिसेल.

नाइटड्युटी:
पेसमेकर आहे.

बर्रहोल:
एमआर कंडिशनल (ठरावीक अटींवर एमआरआय चालणारा)?

नाइटड्युटी:
कार्ड सापडत नाहीये.

पातळस्लाइस:
मग क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) बघून कॉन्ट्रास्ट सीटी. कॉर्टिकल शिरा कवटीपासून आत सरकलेल्या दिसतील, कधी आतलं आवरणही उजळतं. पण कोरोनल आधी.

गोळीबंद:
डेक्सामेथासोन (स्टेरॉइड) सुरू करा, ऑपरेशन टळतं.

ग्रेमॅटर:
विचारलंय निदान. आणि २०२० मध्ये आलेल्या डेक्स-सीएसडीएच चाचणीत पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण घटलं, पण सहा महिन्यांनंतर चांगल्या स्थितीतले रुग्ण डेक्सामेथासोनच्या गटात कमी होते.

वाचक_नवा:
माझं डोकं वारंवार दुखतं, सीटी करून घेऊ का?

शंकासुर:
वेगळा धागा काढा. हल्ली डोक्याला मार लागला असेल किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर धागा नको, आजच डॉक्टर गाठा.

एमडी_पहिलं_वर्ष:
अॅट्रोफीतही (मेंदू आकसल्यावरही) कवटीलगत काळी जागा असते, मग फरक कसा करायचा?

पातळस्लाइस:
अॅट्रोफीत शिरा ती जागा ओलांडून कवटीकडे जाताना दिसतात आणि सल्काय रुंद असतात. सबड्युरलमध्ये शिरा मेंदूला चिकटून दबतात. हायग्रोमाही (त्याच जागेत साचलेलं पाणी) तसंच करतो, पण त्याची घनता सीएसएफइतकीच (मेंदूभोवतीच्या पाण्याइतकीच) राहते.

नाइटड्युटी:
कोरोनल आले. दोन्ही बाजूंना पट्टी आहे, उजवीकडे ११ मिमी, डावीकडे ९. आयएनआर ३.८.

बर्रहोल:
न्यूरोसर्जनला फोन आधी, टायपिंग नंतर. वॉरफरिन थांबवून आयएनआर उतरवायचं तेच ठरवतील.

ग्रेमॅटर:
मोजमाप कवटीच्या आतल्या कडेला काटकोनात घेतलंय ना? तिरकं घेतलं तर जाडी फुगते. बेसल सिस्टर्न (मेंदूच्या तळाशी असलेल्या सीएसएफच्या जागा) मोकळी आहेत का तेही लिहा. तीही बुजलेली आणि मेंदू खाली सरकलेला असेल तर सीएसएफ गळतीचा विचार करावा लागेल, तसं असताना नुसतं रक्त काढलं तर रुग्ण बिघडू शकतो.

नाइटड्युटी:
काटकोनातच. सिस्टर्न मोकळी. फोन लावतोय.