कर्नलच्या आतच त्याची .कॉन्फिग ठेवायची का? ऊप्स सोडवताना वैताग आलाय

बूटलूप_सम्राट:
नमस्कार मंडळी, आमच्या आर्म बोर्डांवर आम्हीच बिल्ड केलेला लिनक्स कर्नल (सिस्टीमचा गाभा) चालतो, कुठले ऑप्शन लावून तो बिल्ड करायचा ते .कॉन्फिग फाइलमध्ये असतं. बाहेर गेलेल्या बोर्डांकडून अधूनमधून ऊप्सचा (कर्नलमधल्या गंभीर एररचा) लॉग येतो आणि मग इथे शोधाशोध, की हा नक्की कुठल्या कॉन्फिगने बिल्ड झाला होता. यूनेम -आर (कर्नलचं व्हर्जन दाखवणारी कमांड) सगळीकडे एकच दाखवतं आणि ज्याच्या मशीनवर .कॉन्फिग होती त्याने मधेच कधीतरी मेक एमआरप्रॉपर (बिल्डच्या फाइल साफ करणारी कमांड) मारलं, म्हणजे तीपण गेली. कॉन्फिग कर्नलच्या आतच ठेवणारा आयकेकॉन्फिग नावाचा ऑप्शन आहे म्हणे, पण आमचे सीनियर म्हणतात जागा खातो आणि बाहेरच्यांना आपलं सगळं कळतं. कोणी प्रॉडक्शनमध्ये ठेवलाय का? वाय (थेट कर्नलमध्ये) करू की एम (वेगळं मॉड्यूल)?

पॅनिक_पंडित:
बिनधास्त चालू करा. डेटा जीझिप करून ठेवतात, मोठ्या डिस्ट्रोची कॉन्फिगसुद्धा साधारण शंभर केबीच्या आत बसते, तुमची तर त्याहून लहान असणार.
सुरक्षेचं म्हणाल तर ऑप्शन दोन आहेत हे सीनियरना सांगा. नुसता आयकेकॉन्फिग लावला तर कॉन्फिग इमेजमध्ये राहते पण चालू सिस्टीमवर फाइल दिसत नाही, आयकेकॉन्फिग_प्रॉक पण लावला तरच /प्रॉक/कॉन्फिग.जीझेड येते आणि ती कुठलाही युजर वाचू शकतो. तर दुसरा बंद ठेवा. लागेल तेव्हा इमेज घ्यायची आणि कर्नल सोर्समधली एक्स्ट्रॅक्ट-आयकेकॉन्फिग स्क्रिप्ट चालवायची, ती आयकेसीएफजी_एसटी ही खूण शोधून पुढचा डेटा काढते, इमेज कॉम्प्रेस्ड असली तर आधी उघडून बघते.
आणि वायच करा. एम केलंत तर कॉन्फिग वेगळ्या मॉड्यूलमध्ये जाते, कर्नल मेल्यावर ते लोड करायला मोडप्रोब कोण मारणार?

डम्प_वाचक:
+१. केडम्प (क्रॅश झाल्यावर मेमरीची कॉपी जपणारी सोय) लावला असेल तर अजून मजा, ती कॉपी म्हणजे व्हीएमकोअर क्रॅश टूलमध्ये उघडून सिस कॉन्फिग टाईप करा, मेलेल्या कर्नलची कॉन्फिग डम्पमधूनच बाहेर येते (वाय असेल तर). हे का लागतं ते पण सांगतो, टास्क_स्ट्रक्टसारख्या स्ट्रक्टमध्ये (कर्नलच्या डेटाच्या साच्यात) इफडेफची, म्हणजे ऑप्शननुसार येणाऱ्या-जाणाऱ्या कोडची, गर्दी असते, एक डीबग ऑप्शन इकडेतिकडे झाला की फील्डचे ऑफसेट सरकतात, आणि तुम्ही तिसऱ्याच व्हीएमलिनक्सवर (बिल्डमधून निघणाऱ्या मूळ कर्नल फाइलवर) पत्ता जुळवत बसता, ओळ निघते पण चुकीची.

ओल्डडेफकॉन्फिग:
सगळं खरं, पण कॉन्फिग मिळाली म्हणजे तोच कर्नल परत बनेल असं समजू नका राव. बरेच ऑप्शन कंपायलरला काय जमतं त्यावर अवलंबून असतात, तीच फाइल दुसऱ्या जीसीसीवर (कंपायलरवर) नेऊन ओल्डडेफकॉन्फिग (उरलेले ऑप्शन डीफॉल्टने भरणारी कमांड) मारा, काही ऑप्शन गुपचूप बदलतात, कोणी विचारत पण नाही. बरं, नव्या कर्नलच्या कॉन्फिगमध्ये कंपायलरचं व्हर्जन लिहिलेलं असतं, आधी ते बघा. तुमचे लोकल पॅच मात्र त्यात कुठेच नसतात. त्यासाठी लोकलव्हर्जन_ऑटो चालू करा, मग यूनेमच्या शेपटीला गिटचा हॅश (कमिटची खूण) लागतो आणि कमिट न केलेले बदल असले तर डर्टी पण लागतं, म्हणजे सगळीकडे एकच नाव दिसायची कटकट बरीच कमी होते. आणि प्रत्येक रिलीजची डीबग माहितीवाली व्हीएमलिनक्स जपून ठेवा, माझ्या मते तीच जास्त महत्त्वाची, कॉन्फिग नंतर.

डेमन_भक्त:
फ्रीबीएसडीत (लिनक्ससारखीच दुसरी सिस्टीम) यावर चर्चाच होत नाही 😄 जेनेरिक (डीफॉल्ट) कर्नलमध्ये इन्क्लूड_कॉन्फिग_फाइल आधीपासून चालू असतो, सिसकंट्रोलने कर्न.कॉन्फटेक्स्ट वाचा किंवा कर्नल फाइलवर कॉन्फिग -एक्स चालवा. फक्त कॉमेंट गाळल्या जातात, त्या हव्या असतील तर बिल्डच्या वेळी कॉन्फिगला -सी द्यायचं.

बूटलूप_सम्राट:
भारी, धन्यवाद सगळ्यांना. पुढच्या रिलीजला आयकेकॉन्फिग वाय, प्रॉक बंद, आणि लोकलव्हर्जन_ऑटो. पण आत्ता हातात आहे त्या जुन्या इमेजवर स्क्रिप्ट चालवली तर कॉन्फिग सापडत नाही म्हणते. काही जुगाड?

पॅनिक_पंडित:
मुळात आत टाकलीच नसेल तर कुठून काढणार ती? पूर्ण मिळणार नाही, अंदाज बांधता येईल. ऊप्सच्या ‘इंटर्नल एरर’वाल्या ओळीत प्रीएम्प्ट, एसएमपी असं काही लिहिलंय का बघा, मॉड्यूल असतील तर मोडइन्फो कमांडमधलं व्हरमॅजिक (मॉड्यूल कुठल्या कर्नलसाठी बनलं त्याची ओळ) बघा. आणि बोर्ड चालू असेल तर /प्रॉक/व्हर्जन वाचा, त्यात कंपायलर तर असतोच, शिवाय बिल्ड करणाऱ्याचं युजरनेम आणि मशीनचं नाव पण असतं, त्या मशीनचा बॅकअप कुठे पडलाय का ते विचारा.