अमेरिकेतल्या आर्मी बेसवर सिव्हिलियन पोलिसाने साळ्याला तिकीट दिलं, याला खरंच पॉवर असते का?

मानेवाडाकर:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबचा आहे पण इथे फौजेतले, वकील आणि तिकडे राहणारे तिन्ही प्रकारचे लोक दिसतात म्हणून टाकून राहिलो. माझा साळा टेक्सासमध्ये एका आर्मी बेसवर कॉन्ट्रॅक्टर कंपनीकडून आयटीचं काम करतो. मागच्या आठवड्यात बेसच्या आतल्या रस्त्यावर ३० मैलांची लिमिट असताना हा ४५ ने चालला होता, तं एका पोलिसाने गाडी बाजूला घ्यायला लावली आणि तिकीट हातात दिलं. बॅज, पिस्तूल, लाल निळे दिवे सगळं होतं पण माणूस फौजी नव्हता, ऑफिसात विचारलं तं म्हणे तो डिफेन्स खात्याचा सिव्हिलियन नोकर असतो. हे व्हॉट्सअॅप कॉलवर ऐकल्यापासून सासरेबुवा एकच धरून बसले आहेत की आपल्याकडे कॅन्टोन्मेंटमध्ये मिलिटरी पोलीस आपल्यासारख्याचं चालान फाडू शकत नाही, हा तं फौजीही नाही, म्हणजे वर्दीतला चौकीदारच झाला, फेकून दे तिकीट. साळ्यालाही नेमकं हेच ऐकायचं होतं. मला काही पटून नाही राहिलं. आणि समजा पोलिसाने बेसवर त्याला पकडलंच असतं तं ते कोणत्या कायद्याने?

ऑस्टिनवाला_वैदर्भी:
भाऊ सगळ्यात आधी साळ्याला सांगा तिकीट फेकू नको, बाकी नंतर वाचा.

तो चौकीदार नाही. अमेरिकेत डिफेन्स खात्याकडे सिव्हिलियन पोलिसांची वेगळी भरतीच असते, सरकारी नोकरीच्या यादीत ००८३ नंबरची सिरीज म्हणजे पोलीस, आणि गार्ड म्हणजे ००८५, दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत. पॉवर येते ती फेडरल कायद्यातून, टायटल १० चं कलम २६७२, हे २०१५ च्या शेवटी आलं. त्यात डिफेन्स खात्याने नेमलेल्या माणसाला हत्यार बाळगणं, फेडरल कायदे लागू करणं, समोर गुन्हा घडला तं वॉरंटशिवाय अटक करणं, आणि मोठा गुन्हा केल्याचा सबळ संशय असेल तं समोर घडला नसला तरी अटक करणं, हे सगळं आहे. त्याआधी ही माणसं मुख्यतः बेस कमांडरच्या अधिकाराखाली काम करायची.

गंमत म्हणजे तुमच्या सासऱ्यांचं लॉजिक तिकडे बरोबर उलटं बसते. १८७८ चा पॉसी कोमिटेटस कायदा आहे, त्याने फौजेला सिव्हिलियन लोकांवर कायदा चालवायला वापरता येत नाही. बेसच्या आत शिस्त आणि सुरक्षा फौजेचं स्वतःचं काम असल्यामुळे मिलिटरी पोलीस सिव्हिलियनला थांबवू शकतो, धरून ठेवू शकतो, पण गेटबाहेर गेला की त्याचे हात बांधलेले. सिव्हिलियन पोलीस सैनिक नाही म्हणून ही अडचण त्याला तशी येत नाही. म्हणजे तो फौजी नाही हीच त्याची जमेची बाजू आहे.

आता मला सांगा तिकिटावर फॉर्म नंबर काय आहे? १८०५ की १४०८? सगळं त्याच्यावर आहे.

कामठी_कॅन्ट_रिटायर्ड:
मी सुभेदार म्हणून रिटायर झालो, शेवटची काही वर्षं प्रोव्होस्ट युनिटमध्ये, म्हणजे मिलिटरी पोलिसांत होतो, त्यामुळे सासऱ्यांची बाजू थोडी मांडतो. आपल्याकडचं त्यांनी बरोबर सांगितलं. आर्मी अॅक्ट १९५० च्या कलम १०७ मध्ये प्रोव्होस्ट मार्शलला आणि त्याच्या माणसांना अटकेची पॉवर आहे, पण कोणाला, तर ज्याला आर्मी अॅक्ट लागू आहे त्यालाच. आणि शिक्षा तो स्वतः देऊ शकत नाही. सिव्हिलियनचा दंड घेणार ट्रॅफिक पोलीस नाहीतर आरटीओवाले. आम्ही बिना हेल्मेटवाल्या पोट्ट्यांना गेटवरून परत पाठवायचो, गेटमधून आत सोडायचं की नाही हे तं युनिटच्या हातात असतेच. पावती मात्र कधी फाडली नाही.

दुसरं, तिकडच्यासारखा सिव्हिलियन पोलीस आपल्याकडे बेसवर नसतोच जवळपास. डेपो, ऑर्डनन्स फॅक्टऱ्या, एअरफोर्स स्टेशन इथे गेटवर डीएससी, म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोर दिसते, बहुतेक एक्स-सर्व्हिसमन, पण ते आर्मी अॅक्टखालीच येतात. त्यांची सुरुवात १९४७ मध्ये डिफेन्स डिपार्टमेंटची कॉन्स्टॅब्युलरी म्हणून झाली हे फार कमी लोकांना माहीत आहे. गुन्हा घडला की शेवटी पोलीस स्टेशनच. आमच्या कामठीत जुनी कामठी आणि नवीन कामठी ही दोन्ही ठाणी नागपूर शहर पोलिसांची, कॅन्टोन्मेंट आहे म्हणून राज्याच्या पोलिसांची हद्द काही संपत नाही.

धंतोलीचा_बबलू:
बेसवर स्पीडिंग म्हणजे थेट कोर्ट मार्शल भाऊ, साळा गेला कामातून 😂

ऑस्टिनवाला_वैदर्भी:
बबलू बे, भलतंच नको सांगू, ते लोक तिकडे खरंच घाबरून बसतील. कॉन्ट्रॅक्टरला तिकडचा मिलिटरी कायदा लागतो तो युद्ध किंवा तशी मोहीम सुरू असताना, फौजेसोबत मैदानात असेल तेव्हा. टेक्सासमध्ये टेबलावर लॅपटॉप घेऊन बसणाऱ्याला नाही.

अॅड_सिव्हिल_लाईन्स:
थोडी कायद्याची भर घालते, कारण वरचं वाचून कोणाला वाटेल की आपल्याकडे फौजी सिव्हिलियनला हातच लावू शकत नाही. तसं नाही. बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ४० मध्ये, म्हणजे जुन्या सीआरपीसीचं ४३, कोणीही माणूस समोर अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला पकडू शकतो, फक्त सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. संत्री हेच करतो. शिवाय जागा प्रोहिबिटेड प्लेस असेल तर ऑफिशियल सिक्रेट्स अॅक्ट १९२३ चं कलम ७ बघा, तिथे ड्युटीवरच्या पोलिसाला किंवा पहाऱ्यावरच्या सैनिकाला अडवणं, त्याची दिशाभूल करणं हाच वेगळा गुन्हा आहे. त्यामुळे वायुसेना नगरच्या भिंतीपाशी उभं राहून संत्र्याशी हुज्जत घालू नका, तुम्ही कितीही बरोबर असलात तरी.

उलट्या बाजूचा प्रश्नही मला अशिलांकडून येतो, की पोलीस जवानाला अटक करू शकतात का. करतात. ड्युटीच्या ओघात केलेल्या कामासाठी बीएनएसएसच्याच कलम ४२ चं संरक्षण आहे, तिथे केंद्राची परवानगी लागते, पण सुटीवर येऊन मारामारी केली तर ती ड्युटी नाही. आणि सिव्हिलियनचा खून किंवा बलात्कार असेल तर आर्मी अॅक्टचं कलम ७० सांगतं की अॅक्टिव्ह सर्व्हिस, परदेश, किंवा जाहीर केलेली फ्रंटियर पोस्ट सोडून कोर्ट मार्शल नाही, नेहमीचं कोर्टच. बाकी गुन्ह्यांत दोन्हीकडे चालू शकतं तेव्हा कुठे चालवायचं ते आधी लष्करी अधिकारी ठरवतात, कलम १२५. यावरून जी पत्रापत्री चालते तिच्यात सहा महिने सहज जातात, हे मात्र कायद्यात लिहिलेलं नाही.

मानेवाडाकर:
बापरे, एवढं येईल वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. साळ्याने फोटो पाठवला, वर डीडी फॉर्म १८०५ लिहिलं आहे आणि खाली रक्कम आहे. सासरे आता म्हणून राहिले की ठीक आहे, पोलीस खरा असेल, पण रस्ता टेक्सासचा आणि कायदा फेडरल कसा 😅

ऑस्टिनवाला_वैदर्भी:
सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा, प्रश्न वकिलासारखा काढला. बेसची जमीन तीन प्रकारे असू शकते. एक, संपूर्ण फेडरल अधिकार, तिथे राज्याचा पोलीस सहसा येतच नाही. दोन, दोघांचाही. तीन, सरकार नुसतं मालक आहे, तिथे बहुतेक गुन्ह्यांना राज्याचा कायदा आणि शेरीफच. एकाच बेसवर हे तुकड्यातुकड्याने वेगळं असते, म्हणून तिकडचे वकील आधी नकाशा मागतात. पहिल्या दोन प्रकारांत ज्या गोष्टीवर फेडरल कायदा नाही तिथे राज्याचाच कायदा फेडरल म्हणून उचलून लावतात, त्यासाठी वेगळा अॅक्टच आहे, असिमिलेटिव्ह क्राइम्स अॅक्ट.

१८०५ म्हणजे फेडरल कोर्टाचं तिकीट. १४०८ असतं तं दंड नसतो, ते कमांडरकडे जाते आणि मुख्यतः फौजींसाठी असते. १८०५ चं काम सेंट्रल व्हायोलेशन्स ब्युरो बघते, त्यांचं ऑफिस सॅन अँटोनिओलाच आहे. रक्कम छापली आहे म्हणजे ऑनलाइन भरून विषय संपवता येईल, पण आधी बघा की कोर्टात हजर राहणं सक्तीचं या चौकोनात टिक केलेली नाही नं. लढायचं असेल तं तारखेला फेडरल मॅजिस्ट्रेटसमोर जावं लागते. दोन्हीपैकी काही केलं नाही तं समन्स किंवा वॉरंट निघू शकते, आणि व्हिसावर असलेल्या माणसाने ती रिस्क काहून घ्यावी. शिवाय बेसवर गाडी चालवायची परवानगी कमांडर काढून घेऊ शकतो, मग रोज गेटपासून ऑफिसपर्यंत टेक्सासच्या उन्हात पायी.

कामठी_कॅन्ट_रिटायर्ड:
आणि कमांडरने बेसवर यायलाच बंदी घातली आणि तरी आत गेला तं तिकडे तो वेगळा फेडरल गुन्हा आहे, कलम १३८२. कॉन्ट्रॅक्टरसाठी म्हणजे नोकरीच गेली.

मानेवाडाकर:
चौकोन रिकामा आहे. भरून राहिला आज. सासऱ्यांना सांगायचं काम बायकोवर सोडलं आहे.