आयटीत शिरायला पदवीच हवी, की प्रमाणपत्रांवर भागतं?

पायवाट
चार वर्षं घालून संगणकशास्त्राची पदवी घ्यायची, की आठ-दहा महिन्यांत दोन-तीन प्रमाणपत्रं पदरात पाडून थेट कामाला लागायचं, असा प्रश्न नवख्यांना नेहमी पडतो. माझं मत सरळ आहे: नुसती सुरुवात करायची असेल तर प्रमाणपत्रांची वाट धरा. आधी कॉम्प्टिया ए प्लस (संगणक सपोर्टचं), मग सीसीएनए (सिस्को कंपनीचं, नेटवर्कचं), मग एखादं क्लाउडचं (म्हणजे इंटरनेटवर भाड्याने मिळणारे सर्व्हर चालवण्याचं). ए प्लसला दोन पेपर, प्रत्येकी जास्तीत जास्त ९० प्रश्न आणि ९० मिनिटं. सीसीएनएचा एकच पेपर, १२० मिनिटांचा. अभ्यासक्रम जाहीर असतो, काय येणार ते मुद्द्यानिशी लिहिलेलं असतं. पदवीत मात्र अनेक विषय असे, की कामावर त्यांचा संबंध येत नाही. अवकलन समीकरणं सोडवून सर्व्हर चालू होत नाही.

सेमीकोलन
साफ असहमत. तुम्ही दिलेली यादी 'आयटी'ची नाही, सपोर्ट आणि नेटवर्कची आहे. ज्याला प्रोग्रामिंग करायचं आहे तो सीसीएनए घेऊन काय करणार? डेव्हलपरच्या मुलाखतीत प्रमाणपत्रं फारशी कुणी विचारत नाही. कोड लिहायला देतात आणि मग तो असा का लिहिलास ते विचारतात.

तिथेच पदवीतले 'निरुपयोगी' विषय उपयोगी पडतात. एक साधं उदाहरण घ्या. पानावर २०० ऑर्डरी दाखवायच्या आहेत आणि प्रत्येकीपुढे ग्राहकाचं नाव. नवखा आधी ऑर्डरींची यादी आणतो आणि मग लूपमध्ये एकेकाचं नाव डेटाबेसला विचारतो. झाल्या २०१ क्वेरी. जॉइन (दोन टेबलं जोडून एकदम विचारणं) वापरला असता तर एक पुरली असती. स्वतःच्या मशीनवर दहा नोंदी असतात तेव्हा हे कळतही नाही, खऱ्या डेटावर पान रांगायला लागतं. दुसरं, दहा लाख ओळींच्या टेबलात इंडेक्स (कॉलमची क्रमवार लावलेली सूची) नसेल तर एक ओळ शोधायला सगळं टेबल वाचावं लागतं. क्रमवार लावलेल्या यादीत दर वेळी अर्धी यादी गाळणाऱ्या द्विभाजन शोधाला तेच काम जास्तीत जास्त २० तुलनांत जमतं. हे ज्याला आतून कळलं आहे तो इंडेक्स कुठे लावायचा आणि कुठे नाही हे सांगू शकतो. नाहीतर दिसेल त्या कॉलमवर इंडेक्स ठोकतो आणि मग प्रत्येक इन्सर्ट (नवी नोंद घालणं) का मंदावला म्हणून डोकं खाजवतो.

पायवाट
मान्य, पण हे शिकायला पदवी कशाला? एमआयटीचं ओपनकोर्सवेअर फुकट आहे, हार्वर्डचं सीएस५० फुकट आहे. डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क हे चार विषय घरी बसून होतात.

सेमीकोलन
होतात, पण पूर्ण किती जण करतात? व्हिडिओ बघून 'समजलं' असं वाटणं वेगळं आणि रिकाम्या फाइलमध्ये हॅश टेबल ('की' म्हणजे खूण दिली की तिची नोंद झटकन काढून देणारी रचना) लिहिणं वेगळं. दोन 'की' एकाच खान्यात पडल्या तर काय करायचं, टेबल भरत आलं की आकार कधी वाढवायचा, इथे घोडं पेंड खातं. पदवीचा फायदा म्हणजे दर आठवड्याला सक्तीची असाइनमेंट आणि 'हे चुकलं आहे' म्हणणारं कुणीतरी. घरी शिकायचं असेल तर निदान हा दुसरा माणूस कुठून तरी मिळवा. मुक्तस्रोत प्रकल्पात छोटा दुरुस्ती-प्रस्ताव पाठवला की तो फुकटात मिळतो. चुका दाखवताना तिथे कुणी मुरवतही ठेवत नाही!

काळा पडदा
दोघंही 'प्रमाणपत्र' या एकाच शब्दात सगळं कोंबताय. त्यात दोन जाती आहेत.

एक, बहुतांशी पर्याय निवडण्याच्या. अॅमेझॉनच्या एडब्ल्यूएस या क्लाउड सेवेचं क्लाउड प्रॅक्टिशनर घ्या: ६५ प्रश्न, ९० मिनिटं, १००० पैकी ७०० ला पास. शब्द ओळखीचे होतात, त्यापलीकडे फार नाही. यांचे 'डम्प', म्हणजे चोरलेले प्रश्नसंच, पाठ करून बसणारे खूप. पकडले गेले तर निकाल रद्द होतो आणि पुढच्या परीक्षांवर बंदी येते. नाही पकडले गेले तर मुलाखतीत पाच मिनिटांत उघडे पडतात. '/२६ मध्ये किती यंत्रं बसतात?' एवढा प्रश्न पुरतो. /२६ म्हणजे ६४ पत्त्यांचा नेटवर्कचा तुकडा. उत्तर ६२, कारण त्यातला पहिला पत्ता नेटवर्कचा आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा, म्हणजे सगळ्यांना एकदम निरोप धाडण्याचा. पाठांतरवाला ६४ म्हणतो, किंवा ६२ म्हणतो पण दोन कुठे गेले ते सांगू शकत नाही.

दुसरी जात प्रत्यक्ष कामाची. रेड हॅटचं आरएचसीएसए (लिनक्स सर्व्हर चालवण्याचं) आणि कुबरनेटीसचं (अनेक सर्व्हरवरची सॉफ्टवेअरं सांभाळणाऱ्या प्रणालीचं) सीकेए यांत पर्याय नसतात. समोर चालू मशीन देतात आणि कामं देतात. आरएचसीएसएत ३०० पैकी २१० गुण लागतात आणि केलेला प्रत्येक बदल मशीन रीबूट झाल्यावरही टिकला पाहिजे. नापास होणाऱ्यांच्या चुका ठरलेल्या असतात. सर्व्हिस 'स्टार्ट' केली पण 'एनेबल' (रीबूटनंतर आपोआप चालू व्हावी अशी) करायची राहिली. फायरवॉलचा नियम चालू सत्रापुरता टाकला, 'परमनंट' टाकलाच नाही. आणि सगळ्यात महागात पडते ती एफएसटॅबमधली (सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्या यादीतली) एक चुकीची ओळ: रीबूटनंतर मशीन इमर्जन्सी मोडमध्ये अडकतं आणि त्यावर केलेली बाकी कामंही गोत्यात येतात. म्हणून ओळ लिहिली की रीबूटआधी 'माउंट -ए' (त्या यादीतल्या डिस्क लगेच जोडणारी आज्ञा) चालवून बघायचं. नोकरीत पहिल्या वर्षी लोक नेमक्या याच चुका करतात, त्यामुळे अशा परीक्षेला वजन आहे.

सारांश काय, तर सर्व्हर, नेटवर्क आणि क्लाउड चालवण्याच्या कामात दुसऱ्या जातीचं एक प्रमाणपत्र पहिल्या जातीच्या चारांवर भारी.

बाराखडी
सगळे ज्ञानाबद्दलच बोलताय. अर्ज गाळणाऱ्या चाळणीचं काय? मोठ्या कंपन्यांच्या ऑनलाइन अर्जात पदवीचा रकाना असतो आणि तो रिकामा राहिला तर अर्ज माणसापर्यंत पोचेलच असं नाही.

परदेशी कामाच्या परवान्याचीही गोष्ट हीच. अमेरिकेच्या एच-१बी साठी कामाशी संबंधित पदवी किंवा तिच्या बरोबरीचं काहीतरी लागतं. बरोबरी अनुभवाने दाखवायची तर शिक्षणाच्या एका वर्षाला कामाची तीन वर्षं मोजतात, म्हणजे चार वर्षांच्या पदवीच्या जागी बारा वर्षं. हे विशीत कुणी सांगत नाही आणि तिशीत उपाय राहत नाही.

पायवाट
@बाराखडी, हा मुद्दा माझ्या हिशेबात नव्हता. तरी त्यातून एवढंच निघतं की कधीतरी पदवी हवी. आधीच हवी असं नाही. नोकरी करता करता दूरस्थ पद्धतीने पूर्ण करता येते. मात्र संस्थेची मान्यता आधी तपासावी, नाहीतर पैसे भरून मिळालेला कागद नेमका त्या रकान्यात चालत नाही.

दुसरा अर्धा
क्रमाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. प्रमाणपत्रांना मुदत असते. ए प्लस, सीसीएनए आणि एडब्ल्यूएसची तीन-तीन वर्षं. सीकेएची २०२४ पासून दोनच. मायक्रोसॉफ्टचं एझेड-१०४ (त्यांच्या अझूर क्लाउडचं) दरवर्षी नूतनीकरण मागतं. ते ऑनलाइन आणि फुकट असतं, पण तारीख चुकली तर परीक्षा पुन्हा द्यावी लागते. त्यांची प्राथमिक पातळीची, एझेड-९०० सारखी, मात्र संपत नाहीत. म्हणजे नोकरीआधीच पाच गोळा केली तर पहिली नोकरी स्थिरावेपर्यंत निम्मी बाद व्हायला लागतात. कॉम्प्टियाचं वरच्या पातळीचं मिळवलं की त्यांच्याच खालच्याची मुदत आपोआप वाढते, सिक्युरिटी प्लस घेतलं की ए प्लसही वाढतं. म्हणून एक घ्या, त्यावर नोकरी मिळवा, मग वरचं.

सुरक्षेच्या क्षेत्रात तर पी हळद आणि हो गोरी चालतच नाही. सीआयएसएसपी या सुरक्षेतल्या वरच्या पातळीच्या प्रमाणपत्राला आठपैकी किमान दोन विषयक्षेत्रांत पाच वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, योग्य पदवी असेल तर त्यातलं एक वर्ष माफ. अनुभवाविना परीक्षा पास झालात तर 'असोसिएट' म्हणवून घेता येतं आणि अनुभव पुरा करायला सहा वर्षं मिळतात. पहिल्या नोकरीसाठी त्याच्यामागे लागणं म्हणजे उलटा प्रवास.

रिकामटेकडा
पदवी असो वा प्रमाणपत्र, हातात दाखवायला काय आहे? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! १६ जीबी रॅमच्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्स (एका संगणकात अनेक आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून दोन-दोन जीबीची तीन लिनक्स मशीनं आरामात चालतात. एकावर डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा), दुसऱ्यावर वेब सर्व्हर, तिसऱ्यावर डेटाबेस. चालू झालं की मुद्दाम मोडा: डीएनएस बंद करा, डिस्क भरून टाका, वेब सर्व्हरच्या सुरक्षा-प्रमाणपत्राची (टीएलएस) तारीख उलटू द्या. प्रत्येक वेळी काय दिसलं, कोणता लॉग पाहिला आणि कारण काय निघालं ते पाच ओळींत लिहा. अशा वीस नोंदी असल्या की मुलाखतीत बोलायला भरपूर सामग्री होते.

क्लाउडवर हेच करायचं तर पहिलं काम मूळ खात्याला दुपदरी लॉगिन आणि खर्चाची सूचना लावणं. 'फ्री टियर' या शब्दावर विसंबू नका. नॅट गेटवे (आतल्या मशीनना इंटरनेटपर्यंत पोचवणारी सेवा) वापरला नाही तरी तासागणिक पैसे लावतो. एडब्ल्यूएस १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याचेही आकारतं. आणि अ‍ॅक्सेस की (खात्याची गुप्त किल्ली) चुकून सार्वजनिक गिटमध्ये (कोडमधला प्रत्येक बदल जपणाऱ्या साठ्यात) गेली तर फाइल पुसून काही होत नाही, ती इतिहासात शिल्लक असते. ती किल्ली लगेच रद्द करायची, बाकी सगळं नंतर.

सेमीकोलन
@रिकामटेकडा +१. डेव्हलपरसाठी त्याचंच रूप: यादी पाहून बनवलेली सहा अ‍ॅप नकोत. एकच, पण जे दुसऱ्याला रीडमी (सोबतची सूचनांची फाइल) वाचून दहा मिनिटांत चालवता येईल, ज्याला टेस्ट आहेत आणि ज्याच्या कमिटांचा (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलांचा) इतिहास टप्प्याटप्प्याचा आहे. 'फायनल' नावाची एकच कमिट दिसली की वाचणाऱ्याला संशय येतोच.

बाराखडी
बूटकॅम्पबद्दल कुणी बोलेल का? बारा आठवड्यांत डेव्हलपर.

दुसरा अर्धा
१२ आठवडे गुणिले ४० तास म्हणजे ४८० तास. एक भाषा आणि एक फ्रेमवर्क एवढ्यात बसतं. एसक्यूएल, टेस्टिंग आणि दुसऱ्याचा कोड वाचणं बसलं तर नशीब. जाहिरातीत '९० टक्के नोकरीला लागले' दिसलं की छेद विचारा: प्रवेश घेतलेल्यांपैकी, की कोर्स पूर्ण करून त्यांच्या अटींप्रमाणे नोकरी शोधणाऱ्यांपैकी? त्याच संस्थेत मदतनीस म्हणून ठेवलेले त्यात मोजले आहेत का? लेखी उत्तर देत नसतील तर पैसे भरू नका.

पायवाट
माझा क्रम बदलतो. आधी काम ठरवायचं. नवख्यांसाठीच्या ३० जाहिराती वाचून प्रत्येकीत 'अनिवार्य' काय आहे त्याच्या खुणा करायच्या, 'असल्यास उत्तम' सोडून द्यायचं. प्रोग्रामिंग असेल तर पदवी किंवा तिच्या तोडीचा चार विषयांचा अभ्यास. सर्व्हर-नेटवर्क असेल तर सीसीएनए किंवा आरएचसीएसए. ए प्लस फक्त हेल्पडेस्कसाठी. पदवी आधीच घ्या हे मात्र मी अजूनही मानत नाही.

काळा पडदा
ठीक. ए प्लस घेणाऱ्यांनी एक बघावं: त्याची प्रश्नमालिका साधारण तीन वर्षांनी बदलते, २०२५ मध्ये नवी आली आहे. दोन्ही पेपर एकाच मालिकेतले लागतात, जुना एक आणि नवा एक असं चालत नाही. जुनं पुस्तक स्वस्तात मिळतंय म्हणून घेण्याआधी त्यावरचा क्रमांक वाचा.