मुंगीची कंबर

कोणीतरी म्हटलंय की डॅनिश वास्तुविशारद आर्ने याकोबसेनने त्याच्या 'मुंगी' (Ant) खुर्चीला तीनच पाय दिले ते पैसे वाचवायला, मला नाही पटत. १९५२ मध्ये नोवो या औषध कंपनीच्या कॅन्टीनसाठी केलेली खुर्ची ती, गोल टेबलाभोवती दाटीने बसल्यावर पायात पाय कमी अडकावेत हा हिशोब होता. बाजूला झुकून खाली पडलेला चमचा उचलायला गेलं की तोल जातो हे खरंय, पण पठ्ठ्या शेवटपर्यंत चौथ्या पायाला तयार झाला नाही, १९७१ ला तो गेला आणि चार पायांची मुंगी आली थेट १९८० मध्ये!

पण तिच्या बारीक कंबरेबद्दल कोणीच बोलत नाही. सगळ्यांना ती नुसती स्टाईल वाटते. बैठक आणि पाठ मिळून प्लायचा एकच तुकडा आहे, आणि प्लाय एकाच वेळी दोन दिशांना वाकवला की नेमका बैठक वर वळते तिथेच चिरतो, म्हणून तिथलं लाकूड दोन्ही बाजूंनी कापूनच टाकलंय. त्याच्याच १९५५ च्या सिरीज सेव्हन खुर्चीलाही तशीच कंबर आहे बघा, फक्त जरा भरलेली.